पोरगी सांगत नाही

भांडं रिकामं होतं आणि लेक मान डोलावून म्हणत होती, "झाली."

मी वाकून आत पाहिलं. पिवळ्या प्लास्टिकचं, बदकाच्या आकाराचं ते भांडं घासून पालथं घातल्यासारखं लख्ख होतं. एवढंसं पोर खोटं कशाला बोलेल, असं दुसरा कुणीही म्हणाला असता. मी तसं म्हणणाऱ्यांतला नाही. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसतो आणि गाळपाच्या हंगामात माझा सगळा वेळ संशय घेण्यात जातो. उसाच्या मोळीत लपवलेला दगड, केबिनमध्ये मुद्दाम बसवून आणलेला जाडजूड पाहुणा, रिकाम्या ट्रॉलीचं वजन करताना काट्याबाहेर अलगद ठेवलेलं चाक, सगळं पाहून झालंय. आणि ज्यांची वजनं मी करतो ते माझ्याकडे असे बघतात की काट्यात मीच काहीतरी करून ठेवलंय. दोन्हीकडून इतकी सवय झाली आहे की घरी चहा जरा चांगला लागला तरी मी विचारतो, आज काय विशेष.

तर लेक म्हणते झाली, आणि भांड्यात काही नाही. मधल्या वेळात रातपाळी करून आलेला मी, फक्त तोंडावर पाणी मारून येण्यापुरता आत गेलो होतो. पाणी कुठेतरी मुरत होतं.

आमचं गाव परळीच्या रस्त्याला आहे. बायको जवळच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. सकाळच्या एसटीने जाते आणि दिवेलागणीला येते. हंगाम नसताना मला दिवसाचीच पाळी असते, पण हंगामात मी मागून रातपाळी घेतो, म्हणजे दिवसा पोरीजवळ राहता येतं. घरात आई आहे, पण आईचे गुडघे आता पोरीमागे धावत नाहीत. जूनपासून लेकीला बालवाडीत घालायचं ठरलं होतं आणि तिथल्या बाईंनी एकच चौकशी केली होती, "सांगते का?"

आमच्याकडे लहान मुलाबद्दल सगळे हेच विचारतात. सांगतं का. काय सांगतं, हे वेगळं बोलावं लागत नाही. शी-शू लागली की जे मूल आधी सांगतं ते शहाणं, आणि जे सांगत नाही त्याच्या आईबापाकडे लोक जरा दयेने बघतात. आमची लेक सांगत नव्हती. एरवी तोंड अखंड चालू. आजीच्या पदराला लोंबकळून दिवसभर बडबड करायची, कुत्र्याला "यू यू" करून हाका मारायची, कोंबड्यांना दम द्यायची, पण हे एक सांगायची नाही. बायकोने तिला 'पॉटी' शिकवलं. आईने 'शी' शिकवलं. मी तर हात जोडून म्हणालो, माझी माय, काहीही म्हण पण सांग. ती माझ्याकडे बघून हसली आणि तिथंच उभ्या उभ्या चड्डी भरली.

कुत्रं आमचं नव्हतं. शेजारचं जोडपं दरवर्षी दसरा झाला की ऊस तोडायला जातं. आमच्याकडे अशा नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्यांचा पोरगा आमच्या लेकीच्याच वयाचा. दसऱ्यापर्यंत आम्ही दोघं कामावर असायचो तेव्हा लेक दिवसभर त्या पोराबरोबर शेजारणीच्याच अंगणात असायची. जेवण तिथं, झोप तिथं, सगळं तिथं. त्यांचं कुत्रंही या दोन पोरांच्या मागेमागे. काळं, एका कानाचं टोक तुटलेलं, आणि माणसाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची त्याला खोड.

एरवी कुत्रंही टोळीबरोबर ट्रॅक्टरवर चढायचं. या वर्षी टोळी लांब कर्नाटकात निघाली आणि टोळी नेणारा मुकादम म्हणाला, माणसं नेतो, जनावर नको. निघायच्या दिवशी शेजारीण कुत्र्याच्या गळ्यात दोरी बांधून आमच्या दारात आली. पोरगा तिच्या कडेवर होता आणि त्याचा हात कुत्र्याकडे लांबलेला होता.

"भाऊ, अमानत हाय," ती म्हणाली. "पाडव्याला येऊन घिऊन जाते. लेकराचा लई जीव हाय ह्याच्यावर."

मी म्हणालो, निर्धास्त जा. काट्यावरच्या माणसावर कुणी कधी एवढा विश्वास टाकत नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे खरं.

रिकाम्या भांड्याबद्दल पहिला संशय बायकोने माझ्यावरच घेतला. तिचं म्हणणं असं की मी पोरीला बसवतच नाही, घोरत पडतो, आणि ती यायच्या वेळेला भांडं धुऊन ठेवतो. भांडं उजेडाकडे धरून ती म्हणाली, "हे धुतलेलंय." मी म्हणालो, मी धुतलं असतं तर एवढं स्वच्छ निघालं असतं का? हे तिला पटलं. मग दोघांनी मिळून पोरीवर संशय घेतला. पोट साफ होत नसेल, उगाच 'झाली' म्हणत असेल. मनुका झाल्या, एरंडेल झालं. पण पोरीचं पोट मऊ, भूक चांगली, भाकरी कुस्करून दूध घातलं की वाटी चाटूनपुसून मोकळी. जे आत जातंय ते बाहेर कुठे जातंय, हा प्रश्न मी काट्यावरसुद्धा इतक्या पोटतिडकीने विचारला नव्हता.

मग माझा संशय आईवर गेला. त्याला कारण होतं. आईला ते भांडं पहिल्या दिवसापासून मान्य नव्हतं. घरात बसवून हागवायचं, आणि तेही बदकावर, हे कुठलं शिक्षण, असं ती बायको ऐकेल एवढ्या आवाजात पुटपुटायची. आम्हा भावंडांना तिने अंगणाच्या कडेला बसवून वाढवलं, वरून चुलीतली राख टाकली आणि खराट्याने उचललं. मला वाटायला लागलं की मी झोपलो की आई पोरीला परसात नेते, तिथे जुन्या पद्धतीने उरकते आणि भांडं नुसतं शोभेला ठेवते. विचारलं तर तिने कानांवर हात ठेवले. कानांवर हात ठेवणारी माणसं मी रोज बघतो.

खरा चोर बायकोला सापडला. तिला सुटी होती. ती मागच्या पडवीत धुणं घेऊन गेली आणि तिने पाहिलं तर कुत्र्याचं सगळं तोंड भांड्यात, आणि शेजारी लेक उभी, आजी तिला म्हणते तसं कुत्र्याला "शाब्बास" म्हणत. कुत्र्याने मान वर केली, जीभ फिरवली, शेपूट हलवलं आणि प्रेमाने लेकीच्या गालाला तोंड लावलं. बायकोच्या हातातली बादली तिथंच आडवी झाली.

त्या दिवशी लेकीला इतक्या वेळा साबण लागला की ती लाल झाली. हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. पोरगी झोपेत दात खायची, पोट दुखतं म्हणायची, बायकोने तिला जंताचं औषध देऊन झालं होतं आणि तरी पुन्हा तेच. आता तिला कारण सापडलं.

"मी गावातल्या लेकरांना जंताच्या गोळ्या वाटत फिरते," ती म्हणाली, "आणि माझ्या घरात हे चाललंय. येत्या रविवारनंतर हे कुत्रं मला इथं दिसता कामा नये."

मी म्हणालो, अमानत आहे. ती म्हणाली, अमानत मोठी का लेक मोठी? आमच्या गावाबाहेर वीटभट्ट्या आहेत. परळीच्या वीज केंद्राची राख टिपरने तिथे येते. त्यातला एक टिपरवाला ओळखीचा. रिकामा टिपर परत नेताना तो कुत्र्याला परळी स्टेशनजवळ सोडणार, तिथे हॉटेलं आहेत, उपाशी मरणार नाही, असं बायकोने ठरवूनही टाकलं. पाडव्याला शेजारणीला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघायचं.

रविवारला अजून अवकाश होता. मी उपाय सुरू केले. भांड्यात लाल तिखट टाकून पाहिलं. कुत्रं शिंकलं, जाऊन पाणी प्यायलं आणि परत भांड्याशी आलं. मराठवाड्यातलं कुत्रं, तिखटाला काय भिणार. मग वाटलं भुकेपोटी करत असेल, म्हणून सकाळीच दोन भाकरी घातल्या. त्याने भाकरीही खाल्ल्या आणि तेही खाल्लं. शेवटी समोरच्या लिंबाच्या झाडाला बांधून ठेवलं. हा उपाय आधीच सुचायला हवा होता, असं वाटलं.

पण कुत्रं बांधलं आणि लेकीचं सगळं थांबलं. ती भांड्यावर बसायची, इकडेतिकडे बघायची, "यू यू" करायची, रडायची आणि उठायची. भांडं याही वेळेला रिकामंच, पण या वेळेला खरोखर रिकामं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिचं पोट टणक झालं, ती जेवेना. बायको संध्याकाळी तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिली, तेव्हा मला भीती वाटली. सकाळी कुत्र्याचं भुंकणं असह्य होऊन मी दोरी सोडली. जरा वेळाने पडवीत गेलो तर लेक हसत उभी आणि भांडं चाटून स्वच्छ.

म्हणजे कुत्रं सुटलं की पोरीचं पोट सुटत होतं. बायकोला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, कुत्र्याचा तिला लळा लागलाय, कुत्रं कायमचं गेलं की दोन दिवस रडेल आणि विसरेल. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. कुत्रं घराच्या पुढे झोपायचं, लिंबाखाली. तिथून मागची पडवी दिसत नाही. मग नेमकी वेळ झाली की त्याला कळतं कसं? कुणीतरी त्याला बोलावत असणार. आणि बोलावणारं कुणी असेल तर दोष कुत्र्याचा नाही. ते माणूस सापडलं, त्याला थांबवलं, तर कुत्र्याला ठेवता येईल. माझ्या हातात एवढी एकच बाजू उरली होती.

घरात दिवसा तीनच माणसं. मी झोपलेला, लेक भांड्यावर. उरली कोण?

मी आईला विचारलं. सरळ विचारलं, की तू बोलावतेस का त्याला, साफ करायला. जुन्या काळी बायका बोलवायच्याच, मी पाहिलंय. आई ज्वारी निवडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं.

"कावून रे," ती म्हणाली, "काट्यावर बसून बसून आता मला बी तोलायला लागलास व्हय?"

मी म्हणालो, मग कुत्र्याला कळतं कसं ते तू सांग. ती म्हणाली, कुत्र्याला नाक हाय, आन् तुला न्हाई. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट वाढायची ते समोर ठेवून निघून जायची आणि काही सांगायचं असलं तर लेकीला सांगायची, तुझ्या बापाला म्हणावं ताक घे.

तरीही माझं मन भरेना. मी वीटभट्टीवरून घमेलंभर राख आणली. परळीची राख पिठाहून बारीक असते, आमच्याकडे वारा सुटला की खिडकीच्या गजांवर, ताटलीवर, केसांत सगळीकडे बसते. आईची पिठाची चाळणी घेतली आणि सकाळी, बायको एसटीला गेल्यावर, मागच्या पडवीत भांड्याभोवती सगळीकडे राख चाळली. घराच्या बाजूच्या बोळातही चाळली. आईचा डावा पाय घासत पडतो. ती आली असती तर राखेत रेघ उमटली असती. मग लेकीला भांड्यावर बसवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन खरोखर घोरायला लागलो, कारण रात्रभर जागा होतो.

उठून पाहिलं. भांडं स्वच्छ. बोळातून कुत्र्याच्या पायांचे ठसे आले होते, लांब लांब पडलेले, म्हणजे ते पळत आलं होतं. कुठं घुटमळलं नव्हतं, सरळ भांड्यापाशी. भांड्याभोवती लेकीची इवलीशी पावलं. आणि तिसरं काहीही नाही. आईच्या पायाची रेघ नाही, चपलेचा ठसा नाही, उंबऱ्यावर हाताचा डाग नाही. मी गुडघ्यावर बसून सगळी पडवी तपासली. आई दारात येऊन उभी राहिली. तिने राख पाहिली, मला पाहिलं, आणि मग माझ्या हातातली तिची चाळणी पाहिली. तिने ती चाळणी घेतली आणि घासायला ठेवली. दुपारी माझ्या ताटात भाकरी आली ती कोरडी.

आई सुटली होती, पण कुत्रं अडकलं होतं. कुणी बोलावत नाही म्हणजे ते आपल्या नाकानेच येतं, आणि नाकाला कोण थांबवणार. बायको म्हणत होती तेच खरं होतं. मी टिपरवाल्याला फोन करून रविवारी सकाळी ये म्हणालो. कुत्रं लिंबाखाली पडून माझ्याकडे टक लावून बघत होतं. मला त्याचा राग आला, कारण बाजू घ्यावी असं त्याने काही ठेवलंच नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी बायको येऊन नुकती टेकली होती. लेक तिच्या मांडीवर होती, कुत्रं उघड्या दारापाशी. मी पाळीवर जायच्या तयारीत होतो. फोन वाजला तो शेजारणीचा. आठवड्यातून एकदा ती करायची. वाऱ्यात तिचा आवाज तुटायचा म्हणून मी स्पीकर लावला. तिने घराच्या कुलुपाची चौकशी केली, कोंबड्यांची केली, आईच्या गुडघ्यांची केली. मग म्हणाली, "आन् कुत्रं बरं हाय ना, भाऊ?"

मी बायकोकडे पाहिलं. "हाय की," मी म्हणालो. खोटं नव्हतं. उद्या सकाळपर्यंत होतंच.

बायकोने हात पुढे करून फोन मागितला. जे करायचं ते शेजारणीच्या पाठीमागे नको, तिला सांगूनच करू, असं ती हलक्या आवाजात मला म्हणाली. ती तशीच आहे, आणि त्या क्षणी मला तिचं हे सरळ वागणं अजिबात नको होतं. तिने फोन घेतला, घसा साफ केला, म्हणाली, "हे बघ, तुला एक सांगायचंय."

तेवढ्यात फोनमधून, शेजारणीच्या मागे बरंच लांबून, एका लेकराचा आवाज आला. रडवेला, ओढून ओढून काढलेला. "यू यू. यू यू."

दारातलं कुत्रं ताडकन उठलं. मला वाटलं धन्याच्या पोराचा आवाज ओळखून फोनकडे येईल. ते फोनकडे आलंच नाही. बोळातून सरळ मागे पळालं. आणि त्याच वेळी आमची लेक बायकोच्या मांडीवरून घसरून खाली उतरली आणि चड्डी खाली ओढत मागच्या पडवीकडे चालू लागली.

आम्ही तिच्या मागे गेलो, आईसुद्धा आली. कुत्रं भांड्याशेजारी शेपूट हलवत उभं होतं. लेक भांड्यावर नीट बसली होती. आम्ही सगळे असे का बघतोय हे तिला कळेना. तिने एकेकाकडे पाहिलं आणि मंद पोरांना समजावून सांगावं तसं सावकाश म्हणाली, "यू यू."

बायको फोन धरून उभी होती. काय सांगायचं होतं ते तिच्या तोंडातच राहिलं. तिने विचारलं, "तुझ्या पोराला शी लागली की तो काय म्हणतो?"

शेजारीण जरा लाजली. "यू यूच म्हंतो की, ताई. दोघं बी अंगणात शेजारी शेजारी बसायची, तुमची बी. झालं की म्या कुत्र्याला हाक मारायची. त्येंला वाटतंय त्या कामाचं नावच यू यू हाय."

मला हसू फुटलं आणि त्याच दमात लाजही वाटली. दसऱ्यापासून ही पोरगी आम्हाला रोज सांगत होती. लागली की सांगत होती, बसली की सांगत होती. आम्ही तिला कुत्रं दाखवत होतो, तिच्या हातात भाकरीचा तुकडा देत होतो, आणि बालवाडीच्या बाईंना म्हणत होतो, पोरगी सांगत नाही. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "घे आता राख चाळ." बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी बोलली.

बायकोला मात्र हसू आलं नाही. नर्सचं डोकं तिचं, ते पुढे पळत होतं. तिने विचारलं, मग आत्ता तो का रडतोय?

फोनवर वारा वाजला. मग शेजारणीचा आवाज खाली आला. "बसलाय ताई, पाचटाच्या कडंला. कवाचा हाका मारतोय. हितं आल्यापास्नं हाका मारून मारून कसंबसं व्हायचं, पर आता चार दिस झाले, कुत्रं आल्याबिगर करत न्हाई आन् उठत बी न्हाई. पोट दगडावानी झालंय त्याचं. बाप वरडला, एक चापट बी मारली. दवाखाना लांब हाय, मुकादम सोडीना. म्या त्याला म्हंते, येईल हां कुत्रं. कुठून येईल?"

बायकोने पटापट विचारलं. ताप आहे का, उलटी झाली का, पाणी पितो का. ताप नव्हता, उलटी नव्हती, खाणं मात्र सुटलं होतं. कोमट पाणी पाज, तेल दे, उद्या दवाखान्यात न्यायचंच, मुकादमाचा नंबर मला दे, मी बोलते, असं तिने सांगितलं. हे सगळं सांगताना तिचे डोळे आमच्या लेकीच्या पोटाकडे होते. दोन दिवस त्या पोटावर हात ठेवून ती बसली होती.

मग ती खाली बसली. ज्या कुत्र्याच्या तोंडाची तिला इतकी किळस होती, त्याच्या मानेवर तिने हात टाकला, त्याला जवळ ओढलं आणि फोन त्याच्या तुटक्या कानाशी धरला.

"पोराजवळ ने फोन," ती म्हणाली. "त्याला म्हण, हाक मार."

वाळलेल्या पाल्यावरून चालल्याचा आवाज आला, कचकच, कचकच. मग अगदी जवळून, हुंदक्यात अडकलेलं, "यू यू."

कुत्र्याने आधी भांड्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. सवयीप्रमाणे ते भांड्यात मान घालायला निघालं, पण बायकोने धरून ठेवलं. फोनमधून पुन्हा हाक आली. या वेळेला त्याचा कान उभा राहिला. त्याने फोन हुंगला. बोळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा फोन हुंगला. आणि मग ते भुंकलं. आधी एकदा, मग थांबेचना. शेजारी रानातून घरी यायचे तेव्हा ते असं भुंकायचं, मध्येच कण्हल्यासारखं करून. त्यांच्या जाण्यानंतर तो आवाज मी ऐकला नव्हता.

पलीकडे पोराचं रडणं थांबलं.

लेकीचं उरकलं होतं. बायकोने एका हाताने तिला उठवलं, भांडं उचलून मागे न बघता माझ्या हातात दिलं आणि मी ते डोक्याच्या वर धरून तसाच उभा राहिलो. कुत्रं भुंकत होतं. फोनमध्ये नुसता वारा होता, बराच वेळ.

मग शेजारीण बोलली. ती रडत होती का हसत होती ते मला कळलं नाही.

"झालं बाई त्याचं," ती म्हणाली. "उठला बघा."

बायकोने तोंड पुसलं. कुत्र्याच्या मानेवरचा हात तिने काढला नाही.

"सकाळी बसवलंस की फोन लाव," ती म्हणाली. "रोज लाव. कुत्रं इथंच हाय."